सज्जे वर असतात

पार्किंगच्या रांगेत पुढची गाडी हलेना. हॉर्न वाजवायला गेलेल्या, मागच्या गाडीतल्या एका डेंटिस्टबाईंच्या कानावर उघड्या काचेतून पुढच्या नवरा-बायकोचं भांडण आलं.

“समुद्रकाठचं एवढं देखणं गाव! तीन फेऱ्या मारल्यास, थांबलास कुठे?”

“पहाटेपासून गाडी हाकतोय मी! जागा मिळाली तर थांबेन ना. आणि दिसलं की सगळं.”

“गाडीतून? नुसती दुकानांची शटरं दिसली. नक्षीचे सज्जे वर असतात!”

“मग मान बाहेर काढ.”

“सज्जे दाखवायला आणलंस की सजा द्यायला?”

मागच्या सीटवरून सासूबाई बोलल्या, “याच्या बाबांनीही मला असंच फिरवलं होतं. मला आजवर वाटायचं, या गावाला वरचा मजलाच नाही. सूनबाई, दार उघड. आपण दोघी उतरू.”

“अगं आई, आणि मी?”

“तू मार फेऱ्या.”