गाठ आणायला निघाले

अहो खोड नव्हे, गाठ! ब्रायरच्या झुडपाचं खोड संपतं नि मुळं सुरू होतात ना, तिथं जमिनीत ही गाठ धरते — चांगली डोक्याएवढी. तिचेच मी तंबाखूचे पाइप करते. दुसरं लाकूड विस्तवानं जळून जातं, हे लवकर दाद देत नाही. बसा ना — ते खोकं सरकवा, हां. वडिलांच्या वेळेपासून ही लाकडं एकाच माणसाकडून येतात. डोंगरावर राहतो, गाठी खणतो, उकडतो, कापून ठोकळे वाळवतो. लाकूड असं की नाव ठेवायला जागा नाही! आणि तीन वर्षांपूर्वी काय झालं — ठोकळे आले ते सगळे तडकलेले. एक नाही, दोन नाही, पोतंभर! माझं डोकंच फिरलं. धरली बस, गेले भांडायला.

तो करवतीशी बसलेला. मी तोंडाचा पट्टा सोडला — त्यानं करवत खाली ठेवली. शेवटी म्हणाला, "बाई, तड कुठंय ते बोट ठेवून दाखवा." मी दाखवली, त्यानं बोट फिरवलं — भलतीकडेच! तेव्हा कळलं मला. त्याला दिसतच नव्हतं हो, सगळं धुरकट. आणि हा माणूस तसाच करवत चालवतोय! म्हटलं, "बोटं जातील की!" तर म्हणतो, "कुणाला कळलं तर लाकूड कोण घेईल माझं?" — हे मी तुम्हाला सांगायला नको होतं. जाऊ दे, आता सांगितलंच.

मग काय, चार दिवस राहिले तिथं, त्याच्या बहिणीकडे. मी तडींवर खडूनं खुणा करायची, करवतही मीच धरायची. पुढं दर महिन्याला जायला लागले. दवाखान्यात चला म्हणून मागं लागले — हा आपला घाबरट, दोन वर्षं टोलवलं त्यानं! शेवटी मीच हाताला धरून नेलं. मोतीबिंदू होता, दुसरं काय? ऑपरेशननंतर पट्टी सुटली तेव्हा मी समोरच उभी. नीट न्याहाळलं मला नि म्हणतो कसा — "आवाजावरून तुम्ही चांगल्या धिप्पाड वाटला होतात." परिचारिका हसून हसून बेजार! मी? मला मेलीला रडूच फुटलं.

आता लखलखीत दिसतं त्याला. केसाएवढी तडसुद्धा सुटत नाही. लाकूड घरपोच पाठवतो, एक ठोकळा खराब नसतो —

काय म्हणालात?

मग आता कशाला जाते? अहो, लाकूड... निवडायला नको? म्हणजे तो निवडतो, पण... आणि ते लेथ मशीन बांधून ठेवलंय ते — तिकडं जागा मोकळी आहे, म्हणून. या फळ्याही म्हणूनच रिकाम्या केल्यात. भाऊ म्हणतो, "या वयात, ताई?" म्हटलं, याच वयात, बाबा! मागच्या खेपेला डोंगरावरून निघताना त्यानं विचारलं, "बाई, परत जायलाच हवं का?" मी बस धरली. सबंध वाटभर गप्प होते — मी! आणि घरी आल्या आल्या पत्र टाकलं — कायमची येते म्हणून.

हसताय काय? हा पाइप आवडला ना? न्या मग. पुढचा हवा असेल तर डोंगर चढून या. आता उठा बरं, ते खोकं धरा दारापर्यंत, मला कुलूप लावायचंय. आणि हसू नका म्हटलं ना!