अर्धा इंच

कॉलेजच्या मैदानाबाहेर कॉफीच्या रांगेत जोसलिन उभी होती. पुढे एका व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघासाठी खेळाडू हेरणारे दोघं वाद घालत होते, आणि वादाचा विषय होता तिचाच भाऊ, समोरच्या संघाचे पास अडवणारा कॉर्नरबॅक केंड्रेल.

“हात अर्धा इंच आखूड भरला, मर्व्हिन. मी नाव खोडतोय.”

“अरे बाबा, वर्षभरात त्यानं समोरच्याला एक तरी पास झेलू दिला का?”

“अडवलेसुद्धा दोनच.”

“त्याच्या बाजूला चेंडू फेकायला कुणी धजतच नाही, लेका.”

“ते कागदावर कुठं दिसतं?”

“तू डोळे घरी ठेवून येतोस का?”

“टेप खोटं बोलत नाही.”

जोसलिनला राहवेना. “काका, टेप मधल्या बोटाच्या टोकापर्यंत लावता ना?”

“हो. का गं?”

“दादाचं ते बोट वाकडंय. दुसरा पास अडवताना मोडलं.”

मर्व्हिननं सोबत्यापुढे पेन धरलं. “घे. हे लिही कागदावर.”