लाल डोंगराचा फोटो

पेणच्या एसटी स्टँडवर रोह्याच्या गाडीची रांग. माझ्यापुढं एक म्हातारा आणि त्याच्या शेजारची बाई.

"लतीफभाय, आमच्या झुबेरचा ओमानचा व्हिसा आला. जस्त शोधणाऱ्या कंपनीत. हा बघा डोंगराचा फोटो."

"अगो अनीसा, या डोंगरात माझ्या अब्बांनी भोकं पाडली. वीस वर्षांनी दुसऱ्या कंपनीतून मी."

"म्हणजे जस्त हाय तिथं?"

"हाय गो. चार बोटं जाडीची पट्टी. तिच्याखाली तीनशे मीटर भोक नेलं, नुसता दगड."

"मग सांगा ना कंपनीला!"

"त्यांना ठाऊक हाय. अब्बांनी भोकांतनं काढलेल्या दगडांच्या पेट्या एका कंपनीकडनं दुसरीकडं जात आता त्यांच्याकडंच हायत. पण प्रत्येकाला वाटतं, भोक जरा बाजूला पाडलं तर गावंल."

"मी झुबेरला अडवते."

"मलापण अब्बांनी अडवलेलं."

"ऐकलं नाय तुम्ही?"

"आमची मशीन नवीन होती."

"झुबेरपण हेच म्हणतो."

"भोक बुजवून वर सिमेंट टाकतात. त्यात अब्बांनी बोटानं लिवलेलं नाव मला सापडलं. शेजारच्या भोकावर मी माझं लिवलं."

"मग आता त्याला काय सांगू?"

"सांग, सिमेंट ओलं असतानाच नाव लिव. तिकडं लवकर सुकतं."