उंबूमामांच्या डोक्यावरचं छप्पर

(सुम्बा बेटावरचं डोंगरमाथ्याचं गाव. सौरयोजनेचे तपासनीस येरेमी, गावची सुईण रंबू आणि तिचे मामा उंबू, घराण्याचे पुजारी, ओसरीवर पानसुपारी खात बसलेत.)

येरेमी : बाई, नियम मी केलेला नाही. पॅनेल राहत्या घराच्या छपरावरच. जमिनीवर चालत नाही.

रंबू : का पण?

येरेमी : पलीकडच्या गावात म्हशींनी अंगं घासून सगळं मोडलं. तेव्हापासून कचेरीनं कानाला खडा लावलाय.

उंबू : आणि आमच्या छपरात पूर्वज राहतात. त्यांच्या डोक्यावर कुणी काही चढवायचं नाही. सुपारी घ्या साहेब.

येरेमी : तोंडात आहे अजून, आजोबा.

रंबू : मामा, परवा डाईची सून आपल्या घरी, बाळंतपणाच्या आतल्या खोलीत अडली. मोबाईलच्या उजेडात सोडवली मी तिला. रक्त थांबेना, आणि येतंय कुठून तेही दिसेना. वाचली बिचारी. पण मला पुन्हा तसं करायची भीती वाटते.

उंबू : मी बाहेरच होतो. सगळं ऐकलं. म्हणून तर कोंबडं कापून आतडं बघितलं. पूर्वज नाही म्हणतात.

रंबू : पुन्हा विचारा.

उंबू : विचारलं. दुसरंही कोंबडं गेलं. ते काय माझ्या धाकात आहेत?

येरेमी : मग मी सामान परत नेतो. ट्रक खाली उभाच आहे.

रंबू : आमचा नंबर पुन्हा कधी लागेल?

येरेमी : खोटं कशाला सांगू? नाही लागायचा.

उंबू : रंबू, अंगणातलं ते पत्र्याचं छप्पर चालेल का विचार.

रंबू : मामा! ते तुमच्या थडग्यावरचं आहे.

येरेमी : थडगं? आजोबा तर समोर बसलेत.

रंबू : तुम्ही कुपांग शहरातले, तुम्हाला नवल वाटणार. इथं जिवंतपणीच बांधून ठेवतात. त्याची शिळा ओढायला अख्खं गाव लागलं होतं.

येरेमी : छप्पर भक्कम आहे. ऊनही चांगलं. तार खोलीपर्यंत सहज पोचेल.

रंबू : आणि पूर्वज?

उंबू : तिथं अजून कुणी पूर्वज नाही. माझ्या डोक्यावर काय ठेवायचं ते मी ठरवीन.

येरेमी : पण राहतं घर म्हणून दाखवायला हवं. कोण राहतं म्हणून सांगू?

उंबू : माझं नाव सांगा. थोडं आधी सांगितलंत, एवढंच.

रंबू : असं नका ना बोलू, मामा.

उंबू : रडतेस काय वेडे. तिथून तुझी खोली दिसते. दिवा लागला की मला कळेल, घरात कुणीतरी येतंय.