मोगऱ्याची छाटणी

मी मूळची सोयगावची. घरी शेती होती, पण मला लळा पुस्तकांचा. पुढे इथं एका शाळेत ग्रंथपाल झाले, लग्न होऊन पुंडलिकनगरात आले ती आजवर इथंच. झाडं यांची, पुस्तकं माझी, अशी आमची वाटणीच होती. दारात रातराणी, अनंत, आणि शेजारच्या भिंतीला लागून मोगरा. दिवाळीनंतर हे दवाखान्यातच गेले, आणि काय सांगू तुम्हाला, तेव्हापासून मी त्या मोगऱ्यापाशीच जाऊन बसायची.

शेजारच्या मंगलवर माझी नजर आधीपासूनच होती. काकू, देवाला चार फुलं घेते हो, म्हणायची आणि परडी भरून न्यायची. त्यात तिच्या सासूची कुरकूर, रातराणीनं साप येतात म्हणून. माघात मी भावाकडे गेले, परत येऊन पाहते तर मोगरा गुडघ्याएवढा छाटलेला, एक पान शिल्लक नाही, बुंध्याची माती उकरलेली. यांच्या आठवणीत ज्या झाडापाशी बसायची, तेच मारलं.

तशीच तिच्या दारात गेले. कोणी केलं हे? म्याच केलं काकू, ती म्हणाली, इतक्या शांतपणे की माझा संशय आणखीच वाढला. पानं काढल्याबिगर चैतात कळी धरत नाय, काका दरसाल छाटायचे, आमचाबी तेच छाटून द्यायचे. मग मला कधी दिसलं कसं नाही? तुमचं डोकं पुस्तकात, दिसंल कसं, म्हणून हसली. मग हळूच म्हणाली, दवाखान्यात मलाच बोलले, औंदा तू छाट, तिच्याच्यानं व्हायचं नाय. मी तर हे ऐकलंच नव्हतं; औषधं आणायला खाली गेले असेन तेव्हा.

नर्सरीवाल्याला विचारलं, तर तोही म्हणाला, बरोबर केलंय, फुटवे येईतो पाणी तोडा. पण तो निघाला मंगलच्या गावचा, मग त्याचं तरी किती खरं मानायचं? बादली भरून रोज झाडापाशी उभी राहायची आणि तशीच परत आणायची.

आता कळ्यांनी झाड लगडलंय. परवा मंगल म्हणाली, काकू, पुढच्या माघात तुमीच छाटा, म्या दावते. मी हो म्हटलं. मनात आलं, हेही यांनीच सांगून ठेवलं असेल का? विचारलं नाही. सुखी राहा म्हटलं तिला, मनापासून म्हटलं. पण हे तिच्याशी आणखी काय काय बोललेत, ते ती सगळं सांगत नाही, एवढं नक्की.