थांबलेल्या फाशीचे बूट

त्रिनिदादमध्ये, पोर्ट ऑफ स्पेनच्या तुरुंगाबाहेर, भेटीच्या रांगेत माझ्यापुढे एक निर्लज्ज माणूस आपल्या वहिनीसोबत उभा होता.

“लेनॉक्स, माझ्या पोराचे बूट तुझ्या पायात?”

“वहिनी, मंगळवारी फाशी ठरली होती. म्हटलं, आता त्याला कशाला?”

“मानवाधिकाराच्या मोठ्या कोर्टाने थांबवली की ती!”

“निकालापर्यंतच ना? मीही निकालापर्यंतच घातलेत.”

“आता त्याला काय सांगू?”

“सांग, चावत होते, काका सैल करून ठेवतोय.”

“आणि मयताला येणाऱ्यांसाठी आणलेली रम?”

“ती संपली. तिला कुठल्या कोर्टाने थांबवलं नाही.”

वहिनी रडावं की हसावं अशी उभी. मग मीच त्याचा खांदा धरला.

“काढ मेल्या! ज्याची मान अजून जागेवर आहे, त्याचे बूटही जागेवर पाहिजेत. जा अनवाणी घरी.”