माझी बाटली बदलायची राहून गेली

अमौसी, लखनौ. ऑक्टोबर १९९६.

मी, सौ. मधुमती आत्माराम ढवळे, वय ४१, धंदा घरकाम, मूळ कराडची. हिंदी समजतं, पण मनातलं धड सांगता येत नाही, म्हणून शेजारचे बँकेतले श्रीरंग देवधर यांच्याकडून मराठीत लिहवून समक्ष सांगते की,

माझे यजमान सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात ॲस्बेस्टॉसच्या गोण्या फोडायचे. त्यांना धाप लागते. अमीनाबादच्या बाजारात चालताना दर दुकानापाशी थांबतात आणि कापड बघतोय असं दाखवतात.

पावसाळ्यात डॉक्टर लोकांनी कामगारांचा बेडका तपासायला नेला. सकाळी चूळ न भरता खाकरून बाटलीत द्यायचा. कामगारांच्या बाटल्या कारखान्याच्या गेटवर जमा झाल्या. तुलनेसाठी धुळीशी संबंध नसलेली माणसं हवीत म्हणून बायकांच्याही घेतल्या. त्या बाटल्या तपासणीतल्या एक डॉक्टरीणबाई घरी येऊन घेऊन गेल्या.

यजमानांचा रिपोर्ट स्वच्छ आला. कारखान्याने सांगितलं, धाप विडीची आहे, उद्यापासून येऊ नका. माझ्या नवऱ्याने जन्मात विडी ओढलेली नाही.

मग डॉक्टरीणबाई शर्मिष्ठा मिश्रा घरी आल्या आणि मी कारखान्यात काय काम करते ते विचारू लागल्या. मी तिथे पाऊलसुद्धा टाकलेलं नाही. त्या म्हणाल्या, माझ्या बेडक्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू सापडलेत, अंगातल्या लोखंडाचा थर चढलेले. मी रोज यजमानांचे कपडे दारात झटकून धुवायची, तेवढंच. कपडे झटकणारीच्या छातीत धूळ आणि गोण्या फोडणाऱ्याच्या नाही, हे शेंबड्या पोरालाही पटणार नाही.

यजमानांना खोदून विचारलं. ते म्हणाले, "सुपरवायझरने आमच्या बाटल्या ओतून दिल्या. ऑफिसातल्या बाबूंना खाकरायला लावलं. सगळ्यांनी पाहिलंय. तू गप्प बस, माझ्या जागी यशला घेणार आहेत."

यश आमचा एकुलता एक मुलगा. मी विचारलं, कोणत्या खात्यात? ते म्हणाले, माझ्याच. मला संताप आला तो तिथे. त्याच गोण्या माझ्या पोराने फोडायच्या आणि आम्ही वर उपकार मानायचे!

इथल्या पोलीस चौकीतले दीवानजी, म्हणजे हवालदार, म्हणाले, नवऱ्याची तक्रार नाही तर मामला बनत नाही. मी म्हटलं, मग माझी लिहा. माझी बाटली बदलायचं कुणाला सुचलं नाही, कारण बाईच्या छातीत काही असेल असं कुणाला वाटलंच नव्हतं.

जबाब मला मराठीत वाचून दाखवला. मधे खोकल्याची उबळ आली म्हणून थांबावं लागलं. राहिलेला पुन्हा वाचून घेतला. मी सांगितलं तसाच आहे.